मिलोंगात कसं बोलवावं, कसं नाकारावं आणि कुठे थांबावं: ब्युनोस आयर्सला टँगो नाचायला जाणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत टँगो शिकवणारे वर्ग आता अगदीच दुर्मीळ राहिलेले नाहीत. दोन-तीन वर्षं पावलं घोटून झाली की बहुतेकांच्या डोक्यात ब्युनोस आयर्सची वारी शिरतेच. तिथे पोचल्यावर मात्र अडतं ते पावलांमुळे नाही. उत्तम नाचणारी बाई तीन तास खुर्चीत बसून हॉटेलवर परतते. उत्तम नाचणारा पुरुष थेट एखाद्या टेबलाशी जाऊन हात पुढे करतो आणि भरल्या दालनात तोंडघशी पडतो. नियमांची पाटी कुठे लावलेली नसते. तिथले लोक त्यांना नुसतं ‘कोदिगोस’ म्हणतात आणि आलेल्याला ते ठाऊक असणारच असं धरून चालतात.

हे कोदिगोस वरवर जुनाट वाटतात, पण त्यांच्यामागचा हिशेब कळला की ते पाठ करावे लागत नाहीत. इथे अनोळखी माणसं एकमेकांना छातीशी धरून नाचतात. तेव्हा ‘नाही’ म्हणणं सोपं हवं आणि ते तिसऱ्याला दिसता कामा नये. बसायची जागा, बोलवायची रीत, गाण्यांची मांडणी, अगदी लाडीगोडीसुद्धा या एका गरजेभोवती रचलेली आहे.

रात्रीचा साचा

मिलोंगा म्हणजे टँगोचा मेळावा. टँगोच्या एका चपळ भावंडाचं नावही मिलोंगाच, तेव्हा गोंधळू नका. संगीत ‘टांदा’त वाजतं. एका टांदात एकाच वाद्यवृंदाची, बहुधा एकाच काळातली, चार गाणी असतात. वॉल्ट्झ आणि मिलोंगा या चालींची अनेकदा तीनच. बहुतेक ध्वनिमुद्रणं साधारण १९३५ ते १९५५ या सुवर्णकाळातली आहेत. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर मावेल एवढीच त्यांची लांबी, म्हणजे तीनेक मिनिटं. त्यामुळे टांदा दहा-बारा मिनिटांत आटोपतो. मग ‘कोर्तिना’ वाजते: रॉक, जॅझ, काहीही, पण टँगो नाही. ती अर्धा-एक मिनिट चालते आणि तेवढ्यात सगळे फरशी रिकामी करून आपापल्या जागी जातात.

नवख्याला ही कोर्तिना रसभंग वाटते. प्रत्यक्षात सगळ्यात शहाणी सोय तीच आहे. जोडीदार आवडला नाही तरी सुटका ठरलेली, आणि फार आवडला तरी त्याला सोडावंच लागतं. दोघांपैकी कोणालाही सबब शोधावी लागत नाही.

कुठे जायचं

एकाच सभागृहात वेगवेगळ्या वारी वेगवेगळे आयोजक वेगवेगळी मिलोंगा भरवतात. म्हणून ‘सालोन कॅनिंग हे सभागृह कसं आहे?’ या प्रश्नाला उत्तर नाही. कोणत्या दिवशी, ते आधी सांगावं लागतं. मिलोंगा बंद पडतात, जागा बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्याच आठवड्याची खबर काढा.

ढोबळ अंदाज असा: रिओबांबा रस्त्यावरच्या ‘एल बेसो’सारख्या छोट्या दालनात कोदिगोस कडक. विया उर्किसा भागातला ‘संडरलँड’ हा क्रीडा क्लब आहे. तिथे बास्केटबॉलच्या मैदानावर टेबलं मांडून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. पालेर्मोतली ‘ला विरुता’ आणि आल्माग्रोतली ‘ला कातेद्राल’ इथे तरुण गर्दी, वातावरण सैल, कोणी उठून तोंडी विचारलं तरी फारसं बिघडत नाही. बेलग्रानोच्या बागेतल्या ‘ला ग्लोरिएता’च्या छत्रीसारख्या मंडपाखाली तर येणारा-जाणारा पाहत उभा असतो. दुपारच्या मिलोंगात वयस्कर मंडळी जास्त. रात्रीच्या मिलोंगा दहा-अकराला उघडल्या तरी खरा रंग मध्यरात्रीनंतर चढतो. मला विचाराल तर पहिली मिलोंगा दुपारची निवडा: उजेड असतो, गर्दी बेताची असते आणि सत्तरीतले नाचणारे कसे बोलावतात ते नीट पाहता येतं.

कपडे-स्वच्छतेबद्दल थोडक्यात. पुरुषांनी जादा शर्ट आणि रुमाल न्यावा, बायकांनी हातपंखा. अत्तर बेताचं. तोंडात पुदिन्याची गोळी चालेल, च्युइंगगम नाही. जेवणात कच्चा कांदा टाळा. नाचाचे बूट टेबलापाशी बसून बदलणं जुन्या मिलोंगात अशिष्ट समजतात. ते काम प्रसाधनगृहात उरकायचं.

कोण कुठे बसतं

पारंपरिक मिलोंगात तुम्ही स्वतः खुर्ची ओढून बसत नाही. आयोजक दारात गालाला गाल लावून, हवेत चुंबनाचा आवाज काढून स्वागत करतात. हे तिथे बाईला, पुरुषाला, ओळखीच्याला, अनोळखी माणसालाही होतं. आपण नमस्कारासाठी हात जोडून मागे सरकलो तर त्यांना आपण रुसलो आहोत असं वाटतं. मग ते तुम्हाला जागेवर नेतात. अनेक ठिकाणी पुरुष एका बाजूला, बायका समोर, जोडपी आणि मित्रमंडळी मागे किंवा कोपऱ्यात. पुढच्या रांगा नेहमीच्या लोकांच्या असतात. तुम्हाला खांबाआड बसवलं तर तो अपमान नव्हे, ती नव्या माणसाची जागा आहे. तीन-चार आठवडे त्याच वारी येत राहिलात की खुर्ची आपोआप पुढे सरकते.

नवरा-बायको मिळून जात असाल तर हे घरूनच ठरवून निघा. एका टेबलावर शेजारी बसलात की दालनाने समजायचं ते समजलं: ही जोडी एकमेकांबरोबरच नाचणार. रात्रभर दुसरा कोणी तिच्याकडे पाहणारही नाही, आणि त्यात तिथल्यांचा काही दोष नाही. दोघांनाही इतरांबरोबर नाचायचं असेल तर आयोजकांना ‘सेपारादोस’ एवढा एक शब्द सांगा. ते तुम्हाला दोन बाजूंना बसवतील. मग एखादा टांदा एकमेकांना दुरून खुणावून नाचण्यात जी मजा आहे ती लग्नाला वीस वर्षं झालेल्यांनाही ओळखीची वाटेल.

बोलावणं: नजर आणि मान

आता मुख्य भाग. बोलावण्याच्या या रीतीचे दोन अर्धे आहेत: ‘मिरादा’ म्हणजे नजर टाकणं आणि ‘काबेसेओ’ म्हणजे मान हलवणं. जुने नाचणारे सांगतात की एके काळी मुली आईच्या पहाऱ्यात यायच्या, म्हणून ही दुरून खुणावायची रीत रुळली. आज ती टिकली आहे ती वेगळ्या फायद्यामुळे. नकार दिला गेला हे फक्त दोघांना कळतं, आणि कित्येकदा दोघांपैकी एकालाच.

टांदा सुरू झाल्याबरोबर उठू नका. आधी वाद्यवृंद कोणाचा ते ओळखा. हुआन दारिएन्सोचा टणत्कारता ठेका, कार्लोस दि सार्लीची लांब, सलग चाल, ओस्वाल्दो पुग्लिएसेचं थांबून थांबून उसळणं: प्रत्येकासाठी मुरलेल्या नाचणाऱ्यांच्या मनात वेगळा जोडीदार असतो. पुग्लिएसेच्या टांदाला पूर्ण अनोळखी माणसाला खुणावणं म्हणजे थोडं धाडसच. दि सार्ली किंवा फ्रान्सिस्को कानारोपासून सुरुवात केलेली बरी.

मग ज्या व्यक्तीबरोबर नाचायचंय तिच्याकडे पाहा. रोखून नव्हे, पण नजर ओझरतीही नको. दोन-तीन सेकंद टिकली पाहिजे. तिनेही पाहिलं आणि नजर स्थिर ठेवली तर भुवई किंचित उंचावून फरशीच्या दिशेने मान कलवा. उत्तरादाखल मान हलली, ओठांवर हसू आलं, की ठरलं. तिने नजर वळवली, मैत्रिणीशी बोलायला लागली, पंखा उघडून त्यात डोकं घातलं, तर तेही ठरलंच. दुसरीकडे पाहा. तिथल्या पुरुषांच्या मनाला यात काही लागत नाही, कारण तिने ‘नाही’ म्हटलंय हे सिद्ध करायला कोणी साक्षीदार नसतो.

होकार मिळाल्यावर पुरुषाने फरशीच्या कडेने चालत जावं, मधून नव्हे, आणि जाताना नजर सोडू नये. बाईने मात्र तो अगदी समोर येईपर्यंत खुर्चीतच बसून राहावं. कारण साधं आहे: मान कदाचित तुमच्या मागच्या रांगेतल्या बाईसाठी हलली असेल. दोघी एकदम उठल्या की तिघांचीही पंचाईत. बसून राहिलेलीला फक्त मान वळवून केस सारखे केल्यासारखं करावं लागतं.

बाईने वाट पाहायची असते हा गैरसमज आधी काढून टाका. सुरुवात बहुतेकदा नजरेनेच होते आणि ती नजर बायकाच टाकतात. पुरुष मान हलवतो तो बहुधा जिने आधीच त्याच्याकडे पाहिलंय तिच्याकडे पाहून. फोनमध्ये डोकं घालून बसलेल्या बाईला कोणी बोलावू शकत नाही. आपल्याकडच्या मुलींना अनोळखी पुरुषाकडे सरळ पाहायची सवय नसते, उलट नजर खाली ठेवायचीच सवय लावलेली असते. ती सवय मिलोंगात फार महागात पडते. एकाच वेळी सगळ्या दालनावर नजर फिरवू नका. दोन-तीन जण मनाशी ठरवा आणि त्यांच्यावरच ठेवा.

काही बारीकसारीक गोष्टी. चष्मा असेल तर बोलावताना घाला. नाचताना काढून शर्टाच्या खिशात ठेवणारे तिथे पुष्कळ दिसतील. एकाच व्यक्तीने दोनदा नजर टाळली तर त्या रात्रीपुरता तो विषय संपवा. तिच्या टेबलाजवळ जाऊन उभं राहणं, नजरेच्या वाटेत येणं, ‘मघाशी पाहिलं नाहीत का?’ असं विचारणं, हे सगळं त्या रीतीच्या मुळावरच घाव घालतं. आणि अनुभवी बायका नव्या पुरुषाला आधी दुसरीबरोबर नाचताना पाहून घेतात. म्हणून पहिला टांदा ओळखीच्या बाईबरोबर, नीटनेटका आणि कमीत कमी करामती करून नाचा. तीच तुमची ओळख.

टांदाच्या तिसऱ्या-चौथ्या गाण्याला कोणी बोलावलं तर त्यात खोचक अर्थ असू शकतो: ‘जमेल की नाही सांगता येत नाही, थोडकंच नाचून पाहू.’ नव्या माणसाने ते मनाला लावून घेऊ नये.

फरशीवर

फरशीवरची रांग म्हणजे ‘रोंदा’, आणि ती घड्याळाच्या उलट दिशेने सरकते. तो एकेरी घाटरस्ता समजा: ओव्हरटेक नाही, मागे येणं नाही, मधेच गाडी उभी करून देखावा पाहणं नाही. रोंदात शिरताना येणाऱ्या जोडीतल्या लीड करणाऱ्याकडे, म्हणजे नाच पुढे नेणाऱ्याकडे, पाहून परवानगी घ्या, इथेही नजरच. उंच उडणारे पाय गर्दीत वापरू नका, टाच कोणाच्या नडगीत घुसते. धक्का लागला तर चूक कोणाचीही असो, हात किंचित उंचावून माफी मागा. आणि फरशीवर शिकवू नका. जोडीदाराला ‘इथे वजन असं टाका’ सांगणारा माणूस त्या रात्री पुढे बरीच गाणी खुर्चीत काढतो. शिकवाशिकवीसाठी ‘प्राक्तिका’ नावाचे वेगळे सराववर्ग असतात.

मिठी आणि तिचा अर्थ

पुरुष समोर येतो, डावा हात उघडा धरतो आणि थांबतो. किती जवळ यायचं हे फॉलो करणारी ठरवते. ती छातीला छाती लावून आली तर मिठी बंद, हातभर अंतर ठेवलं तर उघडी. लीड करणाऱ्याने ते ओढून बदलायचं नाही. उजवा हात पाठीच्या मध्यावर स्थिर राहतो. कमरेकडे घसरणारा, अंगठ्याने पाठ कुरवाळणारा हात नाचाचा भाग नाही.

आपल्या वाढीत परक्या माणसाला इतकं जवळ घेणं म्हणजे काहीतरी जाहीर करणंच. म्हणून आपल्यापैकी कित्येकांची इथेच गफलत होते. तिने डोळे मिटले, श्वास लांबला, गाल गालाला टेकला, गाणं संपल्यावरही क्षणभर मिठी सुटली नाही. तिला तुम्ही आवडलात का? नाच आवडला, एवढं नक्की. डोळे मिटतात ते छातीतून येणारी चाल नीट ऐकू यावी म्हणून. हीच बाई पुढच्या टांदाला दुसऱ्याच्या मिठीत तशीच डोळे मिटून नाचणार आहे, आणि ती मघाशी खोटं वागत होती असं अजिबात नाही. टांदापुरतं प्रेम टांदापुरतं खरं असतं. त्यातून त्याच्याबाहेरचा निष्कर्ष काढू नका.

गाण्यांमधलं बोलणं

नवं गाणं सुरू झालं की तिथले लोक लगेच नाचायला लागत नाहीत. वीस-तीस सेकंद उभ्या उभ्या गप्पा होतात, मग एखादा जण हलतो आणि सगळी रोंदा हलते. पहिल्या सुरालाच मिठी मारायला धावलात तर परदेशी म्हणून ओळखू याल. या अर्ध्या मिनिटाच्या फटी फ्लर्टिंगसाठीच राखून ठेवल्यासारख्या आहेत. नाच चालू असताना मात्र बोलायचं नाही.

पहिले प्रश्न ठरलेले: कुठून आलात, किती दिवस आहात, नाचायला कधीपासून लागलात. उत्तरं छोटी ठेवा. भारतातून आलोय म्हटल्यावर पुढच्या दोन फटी त्यातच जातात. तिसऱ्या फटीत ‘चामुयो’ सुरू होण्याची शक्यता: तुम्ही जन्मानेच ब्युनोस आयर्सच्या वाटता, असे डोळे या शहराने पाहिले नाहीत, इतकी वर्षं कुठे होतात. चामुयो ही तिथली कलाच आहे. बोलणाऱ्याला आणि ऐकणारीला दोघांनाही ठाऊक असतं की यातलं निम्मं सजावटीचं आहे. ते खरं मानणं जितकं बावळटपणाचं, तितकंच त्यावर रागावणंही. हसा, जमलं तर तोडीस तोड उत्तर द्या.

पण कौतुकाला ‘ग्रासियास’, म्हणजे धन्यवाद, म्हणू नका! टांदाच्या मधे उच्चारलेला हा शब्द म्हणजे ‘पुरे, मला थांबायचंय’. कितीतरी पाहुण्या बाया स्तुतीने खूश होऊन आभार मानतात आणि समोरचा कसनुसा होऊन त्यांना टेबलापर्यंत पोचवून येतो. त्याऐवजी ‘के आमाब्ले’ (किती छान बोलता) म्हणा, किंवा नुसतं हसा. ग्रासियास शेवटच्या गाण्यानंतर.

पुरुषांनी चामुयोची नक्कल करू नये असं माझं मत आहे. अर्धवट स्पॅनिशमध्ये पाठ केलेली वाक्यं फार केविलवाणी ऐकू येतात. तिच्या संगीताच्या जाणिवेबद्दल, एखाद्या थांब्याबद्दल साधं काही बोललात तर ते जास्त पोचतं. तिच्या शरीराबद्दल काही नको.

टांदा मधेच सोडणं

हे शक्य आहे आणि कधी कधी आवश्यक आहे. हात नको तिथे गेला, मिठी घट्ट आवळली जाते आहे, दारूचा भपकारा येतोय, पाठ दुखावली: ग्रासियास म्हणा आणि निघा. कारण सांगायची गरज नाही. तो तुम्हाला कडेपर्यंत सोडायला येईल. नाही आला तरी तुम्ही चालत्या व्हा. मात्र नुसतं ‘फार बरं नाचत नाही’ म्हणून मधे सोडू नका. चारचौघांत पाठ फिरवणं ही तिथली मोठी शिक्षा आहे, ती वागणुकीसाठी राखून ठेवा.

प्रकार गंभीर असेल तर आयोजकांना सांगा. अलीकडच्या वर्षांत तिथल्या स्त्रीवादी टँगो चळवळीने मिलोंगातल्या छळाविरुद्ध कार्यपद्धती तयार करून मांडली आहे, त्यामुळे ‘मिलोंगात असं चालायचंच’ हे उत्तर आता पूर्वीसारखं खपत नाही. जुन्या साच्यात मुळातच घुसमटणाऱ्यांसाठी ‘ला मार्शल’ किंवा ‘टँगो क्वीअर’सारख्या मिलोंगा आहेत. तिथे कोण कोणाला बोलावतं, कोण लीड करतं हे स्त्री-पुरुषावर ठरत नाही. पण नकार पचवायची रीत तिथेही तीच.

किती टांदा, आणि कॉफी

एका रात्रीत एका व्यक्तीबरोबर दोन टांदा, मधे बरंच अंतर ठेवून, हे रास्त. लागोपाठ दोन म्हणजे तुम्ही काहीतरी सांगताय. तीन-चार झाले की नेहमीच्या लोकांनी तुमची जोडी लावलीच समजा, आणि मग इतर कोणी तुम्हाला बोलावत नाही. नाचायलाच आला असाल तर हा तोटा मोठा आहे. शेवटच्या टांदाला कोणाला धरता याकडेही डोळे असतात. शेवटी ‘ला कुंपार्सिता’ वाजते. ही उरुग्वेतल्या मोंतेविदेओच्या हेरार्दो मातोस रोद्रिगेसची चाल; ती वाजली की त्यानंतर काही नाही.

आता कॉफी. टांदा संपताना ‘नंतर एक कॉफी घेऊ या?’ असं कोणी विचारलं तर लक्षात घ्या की पहाटे तीनला कॉफीची तल्लफ कोणाला येत नाही. जुन्या मिलोंगात या वाक्याचा अर्थ बहुधा रात्र पुढे नेण्याचा असतो. जुन्या पिढीत तर पुरुष आधी बाहेर पडून कोपऱ्यावर थांबायचा, म्हणजे दोघांना एकत्र निघताना कोणी पाहायला नको. जायचं नसेल तर ‘नो, ग्रासियास’ पुरतं. ‘आज नको, नंतर बघू’ म्हणू नका. आपल्याकडे तो सभ्य नकार असला तरी तिथे ती पुढची तारीख ठरते. खरोखर फक्त कॉफीच हवी असेल तर दुपारची वेळ आणि कॅफेचं नाव सांगा. उजेडातली कॉफी ही कॉफीच असते.

एवढं सगळं होऊन दुसऱ्या दिवशी तीच व्यक्ती दुसऱ्या मिलोंगात दिसली आणि तुमच्या नजरेला नजर देईना, तर काही करायचं नाही. मेसेज नाही, टेबलाशी जाऊन चौकशी नाही. येता-जाता गाठ पडली तर गालाला गाल लावून ‘ओला’ म्हणा आणि जागेवर जा. पुढच्या टांदाला दारिएन्सो लागला तर तिथे आणखी कोण मोकळं बसलंय ते पाहा.